चाळिशीच्या उंबरठ्यावर रुग्णसेवा



आपल्याकडे एखादी पस्तीस-चाळिशीची बाई म्हणाली, "मला नर्स व्हायचंय," तर पहिला प्रश्न येतो तो वयाचा. "आता? या वयात?" घरचे विचारतात, शेजारचे विचारतात, आणि खरे सांगायचे तर तिचे तिलाही मनातून तसेच वाटत असते. आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते या "आता?"विषयी. मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. कॉलेजात इतिहास शिकवतो. दुसऱ्याला सुई टोचताना पाहिली तरी मान फिरवणारा माणूस. पण इतिहासाच्या मास्तराला एक खोड असते. कुठलाही नियम दिसला, की तो केव्हापासूनचा आणि कुणी केला, हे तो आधी विचारतो.

तेव्हा आधी थोडे मागे जाऊ. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. उत्तरेकडच्या सैन्याच्या इस्पितळांत परिचारिका नेमण्याचे काम वॉशिंग्टन शहरी डोरोथिया डिक्स नावाच्या बाईंकडे दिलेले होते. या मूळच्या शाळामास्तरीण. पुढे वेडाच्या रोग्यांना तुरुंगात डांबतात ते थांबावे म्हणून वीस वर्षे झगडल्या. युद्धाच्या कामाला लागल्या तेव्हा त्यांचे वय होते ५९. त्यांनी १८६२ साली एक परिपत्रक काढले. परिचारिका कशी हवी? कपडे साधे, तपकिरी, करडे किंवा काळे, फिती नकोत, दागिने नकोत, आणि वय? वय हवे ३५ ते ५०. चार माणसांचा संसार केलेली, आजारपणे काढलेली, पोक्त बाई त्यांना हवी होती. कोवळ्या मुली त्या दारातूनच परत पाठवीत.

आणि आज आपल्याकडे काय आहे? परिचर्येच्या शिक्षणाला प्रवेश मिळायचा तो साधारण १७ ते ३५ या वयात. म्हणजे पाहा, डिक्सबाईंचे दार जिथे उघडत होते, नेमके तिथेच आपले दार लागते!

हे असे का झाले? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव आपण सगळे घेतो. श्रीमंत घरची मुलगी. घरच्यांचा कडवा विरोध. जर्मनीत कैसरवेर्थ येथे जाऊन त्या परिचर्येचे धडे घेऊ शकल्या ते १८५१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. त्या काळच्या हिशेबाने हे लग्नाचेही वय उलटून गेलेले. तीन वर्षांनी ३८ परिचारिका घेऊन त्या क्रिमियाच्या युद्धात स्कुतारीच्या इस्पितळात पोचल्या. पुढे १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांच्या नावे शाळा निघाली, तिथे २५ ते ३५ या वयाच्या उमेदवार पसंत केल्या जात. त्यानंतर शाळा वाढल्या, शिक्षण निवासी झाले, तीन-तीन वर्षांचे झाले. शिकणाऱ्या मुलींच्या हातांवरच इस्पितळातले निम्मे काम चालू लागले. मग व्यवस्थापकांना शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, वसतिगृहात राहू शकणाऱ्या, घरी कुणी वाट पाहत नसलेल्या मुलीच सोयीच्या वाटू लागल्या. माझे मत विचाराल, तर वयाच्या अटीत रोग्याची गरज कमी आणि वसतिगृहाची सोय जास्त आहे. ब्रिटनमध्ये आज परिचर्येच्या पदवीला वयाची वरची मर्यादा नाही. तिथे चाळिशीतली विद्यार्थिनी वर्गात बसली, तर कुणी वळून पाहत नाही.

त्याच क्रिमियाच्या युद्धातली आणखी एक बाई सांगतो. तिचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. मेरी सीकोल. जमैका बेटावरची, आई कृष्णवर्णीय आणि बाप स्कॉटिश. आईच्या खाणावळीत आजारी सैनिक येत, त्यांची सेवा करता करता औषधपाणी शिकली. पनामात कॉलऱ्याची साथ आली तिथे राबली. १८५४ साली लंडनला जाऊन तिने युद्धखात्याचे दार ठोठावले, नकार मिळाला. दुसऱ्या ठिकाणी गेली, तिथेही नकार. मग स्वतःच्या खर्चाने निघाली. बालाक्लाव्हाजवळ तिने सैनिकांसाठी जेवणाखाण्याचे आणि विसाव्याचे ठिकाण उभे केले, आणि औषधांची पिशवी घेऊन लढाईच्या जागी ती स्वतः जाई. तेव्हा तिचे वय होते पन्नाशीच्या घरात. युद्ध संपले तेव्हा ती कर्जात बुडालेली होती, हेही सांगितले पाहिजे. सेवेचे कौतुक होते तसा तिचा हिशेबही असतो.

आता जे शिक्षक-शिक्षिका हे ऐकत आहेत, त्यांच्यासाठी क्लारा बार्टन. याही अमेरिकेतल्या शिक्षिकाच. १८५२ साली बॉर्डनटाउन या गावी त्यांनी मोफत शाळा काढली. शाळा इतकी वाढली, की गावच्या मंडळाने नवी इमारत बांधली. आणि मुख्याध्यापक म्हणून बाईंच्या डोक्यावर एक पुरुष आणून बसवला, अधिक पगारावर. बाईंनी राजीनामा दिला. (आमच्या शिक्षिका भगिनी इथे मनातल्या मनात हसल्या असतील.) मग वॉशिंग्टनला सरकारी कचेरीत कारकुनी केली. युद्ध सुरू झाले तेव्हा त्या ३९ वर्षांच्या होत्या. जखमींना कपडे, अन्न, पट्ट्या पोचवू लागल्या. १८६२ साली अँटिएटमच्या रणांगणावर एका जखमी शिपायाला त्या पाणी पाजत होत्या. एक गोळी त्यांच्या बाहीतून आरपार गेली आणि तो शिपाई जागच्या जागी मेला. अमेरिकेत रेड क्रॉसची स्थापना त्यांनी केली १८८१ साली, म्हणजे वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी.

पुरुष श्रोत्यांनी हे सगळे बायकांचेच म्हणून कान दुसरीकडे वळवू नयेत. वॉल्ट व्हिटमन हा अमेरिकेचा मोठा कवी. त्याचा भाऊ त्याच युद्धात जखमी झाला, म्हणून तो १८६२च्या डिसेंबरात त्याला शोधायला गेला. भाऊ तर बरा निघाला. पण तिथली इस्पितळे पाहून हा गृहस्थ वॉशिंग्टनलाच राहिला. थोडा वेळ कारकुनी करायची आणि उरलेला वेळ जखमींच्या उशाशी बसायचे. कुणाला पत्र लिहून द्यायचे, कुणाला फळ द्यायचे. वय तेव्हा ४३. आज आपल्याकडेही तीन वर्षांच्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला पुरुषांना प्रवेश आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता घरी येऊ. सावित्रीबाई फुले यांना आपण शिक्षिका म्हणून ओळखतो. पण त्यांची अखेर झाली ती रोग्यांच्या सेवेत. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. त्याने गावाबाहेर माळावर दवाखाना उघडला, आणि ६६ वर्षांच्या सावित्रीबाई रोगी आणू लागल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

रमाबाई रानड्यांचे उदाहरण निराळ्या जातीचे आहे. १९०१ साली न्यायमूर्ती गेले; रमाबाई चाळिशीच्या आतबाहेर होत्या. पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. तिथे विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना जे शिक्षण मिळू लागले त्यात परिचर्येचेही होते, आणि त्यासाठी ससून इस्पितळाशी संबंध जोडला गेला. आज आपल्याला यात काही वाटणार नाही. पण त्या वेळचे पुणे डोळ्यांपुढे आणा. सोवळ्यातली बाई परजातीच्या रोग्याला शिवणार, पुरुषाची जखम धुणार, रात्रपाळी करून सकाळी रस्त्याने परतणार! लोक काय बोलले असतील ते मी सांगायला नको. अजूनही काही गावांत थोड्याफार फरकाने तेच बोलतात. सेवासदनाने त्या बायकांना उपदेश केला तो बेताचा, आणि राहायला जागा, शिक्षण व पोटापाण्याचे साधन दिले ते भरपूर. म्हणून तर ते काम टिकले.

पण या विषयात आपल्या मराठी मुलखाने जगाला जो धडा दिला, तो जामखेडचा. आणि त्याच्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली जामखेडला आले. हा तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला दुष्काळी तालुका. त्यांचा पहिला बेत आपल्यालाही सुचेल असाच होता. शिकलेल्या नर्सबाई खेड्यांत पाठवायच्या. तो बेत फसला. मुली तरुण, अविवाहित, परगावच्या. एकटीने खेड्यात राहायची त्यांना भीती. आणि गावातल्या बायका त्यांचे ऐकेनात. जिचे अजून लग्न झाले नाही, ती मला बाळंतपणाचे काय सांगणार, हा तर साधा सवाल. तेव्हा विचार असा निघाला, की बाई गावातलीच निवडावी आणि तिलाच शिकवावे.

गावांनी कुणाला निवडले? बहुतेक प्रौढ, लेकुरवाळ्या बायकांना. पुष्कळ जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र झोपत, आणि थोडे थोडे शिकून परत जात. गरोदर बाई कशी तपासायची, कोणते बाळंतपण घरी करायचे आणि कोणते ताबडतोब दवाखान्यात पाठवायचे, मूल कसे तोलायचे, हगवणीत मीठ-साखर-पाणी कसे पाजायचे, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा. जातीजातींतल्या बायका एका पंगतीला बसल्या, हेही त्या शिक्षणाचाच भाग होते.

परिणाम काय झाला? त्या गावांत १९७१ साली जन्मणाऱ्या हजार मुलांमागे १७६ मुले पहिल्या वाढदिवसाच्या आत दगावत. पाच वर्षांनी, १९७६ साली, तो आकडा ५२ वर आला. आकडा नुसता ऐकून सोडू नका. हजारामागे सव्वाशे पाळणे रिकामे व्हायचे वाचले. १९७९ साली आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि १९८८ साली या ग्रामआरोग्य सेविकांपैकी मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनला जाऊन जगभरच्या जाणत्यांपुढे बोलल्या.

या बायकांजवळ असे काय होते, जे शिकलेल्या तरुण नर्सजवळ नव्हते? एक म्हणजे त्या कुठे जाणार नव्हत्या. लग्न होऊन सासरी जाण्याचा प्रश्न नाही, बदलीचा नाही. दुसरे, सासूशी सासूच्या भाषेत बोलण्याची ताकद. सुनेला पोटभर खाऊ द्या, हे विशीतल्या मुलीने सांगितले तर ते आगाऊपण ठरते. चार नातवंडांच्या आजीने सांगितले तर तो सल्ला ठरतो. पण, आणि हा "पण" महत्त्वाचा आहे, वय आणि अनुभव असूनही त्या गावांत पूर्वी मुले मरतच होती ना? कारण अनुभवात जसे शहाणपण असते तशी अडगळही असते. हगवण लागलेल्या मुलाचे पाणी तोडायचे, हाही पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभवच होता. शिक्षणाने ती अडगळ बाहेर काढली आणि शहाणपण तेवढे ठेवले. वय झालेल्या बाईला शिकवावे लागते ते असे. तिची पाटी कोरी नसते, काही पुसून मग लिहायचे असते.

आता रोकड्या गोष्टी सांगतो. कागद-पेन्सिल असेल तर जवळ घ्या.

आपल्या राज्यात खेड्यातल्या बाईला दोन वाटा जवळच्या आहेत. एक, ए. एन. एम., म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका. आपण उपकेंद्रातल्या ज्यांना नर्सबाई म्हणतो त्यांचे शिक्षण. हे दोन वर्षांचे, फक्त स्त्रियांसाठी, आणि बारावी कला शाखेतून झालेली असली तरी चालते. दुसरी, जी. एन. एम., तीन वर्षांची. बारावीला इंग्रजी हवे, आणि पुढचा अभ्यास बराचसा इंग्रजीतून. दोन्हीकडे वय १७ ते ३५. याशिवाय चार वर्षांची पदवी आहे. तिला बारावीला विज्ञान लागते. नियम वरचेवर बदलतात, म्हणून ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षीचे माहितीपत्रक डोळ्यांखालून घालाच.

पण एवढ्याने भागत नाही. पुढे दुसरे एक दार आहे, ते लोक विसरतात. राज्य सरकारच्या नोकरीत शिरायचे वय साधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. आता हिशेब करा. ३४ व्या वर्षी तीन वर्षांच्या शिक्षणाला बसलेली बाई ३७ व्या वर्षी बाहेर पडणार. खुल्या प्रवर्गातली असेल तर तिला सरकारी भरतीसाठी वर्ष उरले; त्या वर्षात जाहिरातच निघाली नाही तर संपले. तीच दोन वर्षांच्या शिक्षणाला बसली तर तिला दोन वर्षे मिळतात. खाजगी दवाखान्यांत वयाची इतकी अडवणूक नाही, पण पगार हात आखडून देतात. म्हणून "मोठाच कोर्स चांगला" असे डोळे मिटून म्हणू नका. बाईचे वय, प्रवर्ग आणि घरची स्थिती पाहून ठरवा.

हा हिशेब मी शिकलो तो आमच्या ओळखीतल्या एका बाईंमुळे. नाव सांगत नाही. नवरा अपघातात गेलेला. सासूबाई सहा वर्षे अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचे सगळे याच करीत. सासूबाई गेल्या तेव्हा या ३३ वर्षांच्या होत्या, मुलगी नववीत. एक दिवस मला म्हणाल्या, "सर, सहा वर्षं मी जे केलं त्याला नर्सिंगच म्हणतात ना? मग त्याचा कागद मला मिळेल का हो?" कागद असा मिळत नसतो, पण प्रश्न अगदी बरोबर होता. दीर म्हणाले, "वहिनी, या वयात वसतिगृहात राहणार? लोक काय म्हणतील?" त्या म्हणाल्या, "भावजी, लोक पोरीची फी भरणार आहेत का?" मुलीला आईकडे ठेवले आणि ३४ व्या वर्षी ए. एन. एम.ला गेल्या.

त्यांनी मला पुढे जे सांगितले, ते मी जसेच्या तसे आपल्यापुढे ठेवतो. कारण गोड गोड बोलून कुणाला या वाटेला लावणे बरे नव्हे.

पहिले सहा महिने पाय सुजत. रात्रपाळीनंतर अठरा वर्षांच्या मुली दुपारी झोपून संध्याकाळी टवटवीत. यांना दोन दिवस जड जाई. इंजेक्शनच्या नळीवरच्या बारीक रेघा दिसेनात, तेव्हा चाळिशी लागली. चाळिशी यायच्या आधीच! इंग्रजी शब्द पाठ होत नसत. मग सुटीत घरी आल्या की मुलगी आईचा धडा घेई, आणि चूक झाली की आईचेच वाक्य आईला ऐकवी: "लक्ष कुठे आहे तुझं?" शिकवणाऱ्या मॅडम वयाने लहान, त्यांच्यापुढे उभे राहून बोलणी खायची. संसारात ज्याने-त्याने यांना विचारून करायचे, आणि इथे हात धुण्यापासून दुसऱ्याने शिकवायचे. ते सगळ्यांत जड गेले म्हणाल्या.

आणखी एक. इस्पितळात सफाई आणि वरकाम करणाऱ्या बायकांना सगळे मावशी म्हणतात. वॉर्डात तरुण मुलगी दिसली की रोग्याचे नातेवाईक म्हणत, "सिस्टर, सलाइन संपलं." या दिसल्या की म्हणत, "मावशी, भांडं द्या." गणवेश असूनसुद्धा! पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आले. नंतर भांडे द्यायच्या, आणि परत येऊन सलाइनही बदलायच्या.

मात्र एका जागी त्या सगळ्यांच्या पुढे होत्या. अर्धांग झालेल्या रोग्याला कुशीवर वळवायचे, त्याच्याखालची चादर काढून दुसरी घालायची, आणि त्याला लाज वाटणार नाही अशा बेताने अंग पुसायचे, हे त्यांना शिकवावे लागले नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे त्या सासूबाईंवरून शिकल्या होत्या. त्या जखमांना शय्याव्रण म्हणतात एवढेच त्यांना नवे होते. पण तिथेही एक गोष्ट पुसावी लागली. पाठीवर लाल झालेली जागा त्या घरी तेल लावून चोळीत. वर्गात कळले, की तशी जागा चोळू नये. आतले मांस आधीच दुखावलेले असते, चोळल्याने ते आणखी फाटते. त्या जागेवरचा भार काढायचा, एवढेच करायचे. त्या रात्री त्या सासूबाईंची आठवण काढून पुष्कळ वेळ जाग्या होत्या. सध्या त्या दुसऱ्या वर्षाला आहेत.

आता ज्यांची पस्तिशी उलटली त्यांचे काय? त्यांना खोटी आशा लावू नये. नोंदणीकृत परिचारिका होण्याचे दार त्यांच्यापुढे, आजच्या नियमांत, बहुतेक बंद आहे. पण रुग्णसेवेची सगळीच दारे बंद नाहीत. २००५ साली केंद्र सरकारने आशा योजना सुरू केली. साधारण हजार लोकवस्तीला एक आशाताई, गावातलीच, वय २५ ते ४५. विवाहित, विधवा किंवा नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बाईला पसंती. बाळंतपण दवाखान्यात झाले असले, तर आशाताई बाळाच्या तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी जाऊन त्याला पाहते, तोलते, ताप बघते. जामखेडची कल्पनाच ही, फक्त देशभर पसरलेली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. वेतनश्रेणी मात्र नाही. आणि त्यासाठी त्यांना वारंवार रस्त्यावर यावे लागले आहे. गौरव आणि पगार या दोन वस्तू एकाच पाकिटातून येत नाहीत, हे मेरी सीकोलपासून चालत आले आहे.

शहरांजवळच्या गावांत आणखी एक काम वाढते आहे: म्हाताऱ्या, अंथरुणावरच्या माणसांना घरी सांभाळण्याचे. त्यासाठी रुग्णसहायकाचे काही महिन्यांचे वर्ग असतात. त्याला वयाची फारशी अडचण येत नाही. काम मानाचे आहे, मिळकतीचेही आहे. पण इथे फसवणूक फार. सहा महिन्यांत "नर्सिंग"चे प्रमाणपत्र देतो, वयाची अट नाही, असे फलक गावोगाव दिसतात. मला भेटलेल्या एका बाईंनी अशा ठिकाणी सोन्याच्या बांगड्या मोडून फी भरली. हाती आलेला कागद कुठल्याही दवाखान्यात चालेना. म्हणून पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: "हा कोर्स केल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत माझी नोंदणी होईल का?" उत्तर "हो" असेल तर शाळेच्या मान्यतेचा कागद पाहा आणि परिषदेकडे खात्री करा. उत्तर "नाही" असेल, तर तो कोर्स रुग्णसहायकाचा आहे असे समजा, आणि त्याच्या बेतानेच फी द्या. उत्तर लांबण लावून येऊ लागले, तर चपला घाला आणि घरी या.

शेवटी गुरुजी आणि बाई, आपल्याकडे एक मागणे आहे. गावातली बत्तीस-तेहतीस वर्षांची, बारावी झालेली आणि आता एकटी पडलेली बाई आपल्याला ठाऊक असते. बहुधा ती आपलीच जुनी विद्यार्थिनी असते. तिला वयाचा हा काटा कुणी सांगत नाही. तिने अर्ज करायचा म्हटला, की पहिली अडचण अभ्यासाची नसते, कागदांची असते. शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचा, गुणपत्रिका पुरात भिजलेली नाहीतर माहेरच्या ट्रंकेत. विवाह नोंदणीचा दाखला नाही, राजपत्रात नाव बदललेले नाही, जातीचा दाखला वडिलांच्या गावी. हे सगळे गोळा करायला दोन-तीन महिने सहज जातात, आणि अर्जाची मुदत असते थोड्या दिवसांची. तेव्हा दाखल्याची दुसरी प्रत शाळेतून तिला एका फेरीत मिळेल, तिला चार वेळा "उद्या या" म्हणावे लागणार नाही, एवढे आपल्या हातात आहे. मार्च-एप्रिलात, परीक्षांच्या गर्दीतसुद्धा, तेवढे करावे. अर्ज निघतात ते त्याच्यानंतर.